ऊन पडलं की उगवणारा सिग्नल : १७ किलोहर्ट्झचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर २०२४च्या उन्हाळ्यात हे प्रकरण घडलं. माणसांची, सोसायट्यांची आणि कंपन्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

ज्यांच्या गच्चीवर हे घडलं ते हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या हॅम ग्रुपवर सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच. एचएफवरच्या (शॉर्टवेव्हवरच्या) गप्पांपेक्षा त्यांना आता ऐकण्यात जास्त रस आहे, आणि तेही अगदी तळाच्या पट्ट्यात, ३ ते ३० किलोहर्ट्झमध्ये. तिथे हॅम लोकांची वर्दळ जवळजवळ नाही. पाणबुड्यांना संदेश पाठवणारी नौदलाची केंद्रं, रशियाच्या जुन्या अल्फा दिशादर्शन यंत्रणेचे टोन आणि जगभरच्या विजांची चरचर, एवढाच तिथला संसार. इथल्या लहरी जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग) यांच्या मधल्या पोकळीतून हजारो किलोमीटर जातात. त्यामुळे दूरच्या केंद्राच्या सिग्नलची ताकद दिवसभर नोंदवत राहिलं की आयनांबराच्या खालच्या थराची, म्हणजे डी थराची, हालचाल घरबसल्या कळते. सूर्यावर ज्वाला भडकली की क्ष-किरण या थराचं आयनीभवन एकदम वाढवतात आणि नोंदीची रेषा जागा सोडते.

काकांचा सरंजाम साधा. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली चौरस लूप अँटेना, छोटा प्रीअँप्लिफायर, लॅपटॉपचं बाहेरून जोडलेलं साउंड कार्ड आणि स्पेक्ट्रम लॅब हे मोफत सॉफ्टवेअर. नोंदी दोन. एक व्हीटीएक्सची, म्हणजे तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या विजयनारायणम इथल्या आयएनएस कट्टबोम्मन केंद्राची, १८.२ किलोहर्ट्झवर. १९९० साली सुरू झालेलं हे केंद्र पुण्याहून सुमारे १,२०० किलोमीटरवर, दक्षिण-आग्नेयेला आहे. दुसरी एनडब्ल्यूसीची, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथजवळच्या १९.८ किलोहर्ट्झच्या केंद्राची. ते सहा हजार किलोमीटरहून दूर आहे.

अडचण

एप्रिलच्या सुरुवातीला वॉटरफॉलवर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते सरकत दाखवणाऱ्या पडद्यावर, १७ किलोहर्ट्झच्या आसपास एक नवा जाड पट्टा दिसू लागला. सकाळी उजाडल्यावर थोड्या वेळाने यायचा, दुपारी सर्वांत ठळक व्हायचा, संध्याकाळी मावळायचा. रात्री नामोनिशाण नाही. रुंदी दोनतीनशे हर्ट्झ. व्हीटीएक्सचा एमएसके (डिजिटल संदेश पाठवण्याची एक पद्धत) सिग्नलही पडद्यावर साधारण तसाच दिसतो.

हौशी लोकांच्या याद्यांत व्हीटीएक्सच्या नावावर १७.० किलोहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सीही आढळते. त्यामुळे ग्रुपवर पहिल्याच दिवशी निष्कर्ष तयार झाला : नौदलाने दिवसाची दुसरी फ्रिक्वेन्सी सुरू केली. काकांनी स्क्रीनशॉट टाकला, त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला, आणि पट्ट्याला ‘व्हीटीएक्स-दोन’ हे नावही मिळालं.

एवढ्यावर कोणाचं काही अडलं नसतं. पण पट्टा दुपारी इतका चढायचा की त्याच्या कडा १८.२पर्यंत पसरायच्या आणि व्हीटीएक्सची नोंद खडबडीत व्हायची. ज्या वेळी सौरज्वालेचा परिणाम पकडायचा, नेमकी तीच वेळ बिघडत होती.

कोणत्या शक्यता होत्या

कागदावर चार शक्यता होत्या. खरंच दूरचं केंद्र असेल. साउंड कार्डाने वरच्या फ्रिक्वेन्सीवरचा सिग्नल दुमडून खाली दाखवला असेल. काकांच्या स्वतःच्या घरातली एखादी वस्तू असेल. किंवा परिसरातलं काहीतरी, म्हणजे लिफ्टचा ड्राइव्ह, इन्व्हर्टर, एलईडी दिवे, स्कूटरचा चार्जर. आजकाल प्रत्येक भिंतीआड काहीतरी स्विच होतच असतं.

दुसरी शक्यता पटकन निकालात निघाली. साउंड कार्डाचा सॅम्पलिंग रेट, म्हणजे ते सेकंदाला किती नमुने घेतं तो आकडा, ९६ किलोहर्ट्झवरून १९२ वर नेला. दुमडलेला सिग्नल असता तर पडद्यावर त्याची जागा बदलली असती. पट्टा १७ वरच राहिला.

तिसरीसाठी काकांनी लॅपटॉप आणि प्रीअँप्लिफायर बॅटरीवर घेतले आणि फ्लॅटचा मेन स्विच बंद केला. पट्टा जसाच्या तसा. इथे या प्रकरणातलं पहिलं वळण चुकीचं घेतलं गेलं. ‘माझ्या घरातलं नाही’ याचा अर्थ ग्रुपने ‘दूरचं आहे’ असा लावला. मधल्या सगळ्या इमारती विचारातून गळाल्या.

विरोधात जाणारा पुरावा आणि त्याची वासलात

वाईला आमच्या ग्रुपमधले एक शिक्षक आहेत. त्यांच्याकडेही लूप आहे, व्हीटीएक्स त्यांना स्वच्छ मिळतं. त्यांनी पाहिलं तर १७ वर काहीच नाही. खरं तर प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. १७ किलोहर्ट्झला तरंगलांबी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास असते. बाराशे किलोमीटरवरून येणारा सिग्नल पुण्यात दणदणीत आणि वाईत शून्य, असं होत नाही. पण ‘वाई डोंगरांच्या कुशीत आहे, अडत असेल’ असं कोणीतरी लिहिलं आणि ते चाललं. डोंगर व्हीएचएफच्या आखूड लहरींना आडवे येतात. इतक्या लांब लहरींना सह्याद्रीच्या त्या रांगा फारशा जाणवतसुद्धा नाहीत.

दिशेनेही फसवलं. लूप अँटेना फिरवत नेली की एका ठिकाणी सिग्नल खोल बुडतो. त्या शून्यावरून दिशेची रेषा मिळते. काकांच्या नेहमीच्या कोपऱ्यातून नव्या पट्ट्याचं शून्य जवळपास व्हीटीएक्सच्याच रेषेवर पडत होतं. तिरुनेलवेलीचा शिक्का बसला म्हणून मंडळी खूश. लूप फक्त रेषा सांगते, अंतर सांगत नाही, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. दोन मीटर बँडवर फॉक्स हंट, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर शोधण्याचा खेळ, खेळताना हेच लोक जागा बदलल्याशिवाय एका रेघेवर कधी विश्वास ठेवत नाहीत.

१० मे, दुपारी १२:२४

त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. सूर्यावर एक्स ३.९ वर्गाची ज्वाला भडकली आणि तिचा कळस आपल्या वेळेनुसार दुपारी १२:२४ला आला. सूर्य जवळपास डोक्यावर असताना इतकी मोठी ज्वाला भारतातल्या डी-थर नोंदणाऱ्यांना क्वचित लाभते. त्याच रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाची लाली दिसली, तीसुद्धा याच खवळलेल्या सूर्याची करणी. मात्र त्या भूचुंबकीय वादळाला आधीच्या दिवसांतले उद्रेक कारण होते.

आमरसाची जेवणं उरकून काका लॅपटॉपपाशी आले तेव्हा व्हीटीएक्स आणि एनडब्ल्यूसी दोन्ही रेषा एकाच क्षणी झटक्याने हललेल्या आणि मग तासभर रेंगाळत परतलेल्या दिसत होत्या. पाठ्यपुस्तकात छापावी अशी नोंद. ‘व्हीटीएक्स-दोन’ची रेषा मात्र ढिम्म. तिला सूर्यावर काही घडल्याचा पत्ताच नव्हता.

एकाच केंद्रातून, एकाच वाटेने येणाऱ्या दोन सिग्नलांपैकी एक उडतो आणि एक जागचा हलत नाही, हे पटण्यासारखं नव्हतं. ग्रुपवर दोन तट पडले. एका ज्येष्ठ सदस्याने युक्तिवाद केला की दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना रद्द करतात तिथे परिणाम झाकला जाऊ शकतो. तत्त्वतः हे बरोबर आहे, आणि म्हणूनच घातक होतं. या विषयात इतके खरे अपवाद आहेत की हव्या त्या निष्कर्षाला एखादा अपवाद शोधून चिकटवता येतो.

काकांनी त्या रात्री घेतलेला निर्णय मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. ‘व्हीटीएक्स-दोन’ हे नाव त्यांनी नोंदवहीत खोडलं आणि तिथे नुसतं ‘अज्ञात १७’ लिहिलं. शिवाय नोंदीत हवामानाचा एक रकाना वाढवला : ऊन, ढग, पाऊस.

ढग

मेच्या मध्याला वळवाचे ढग यायला लागले. नवा रकाना भरायला लागल्यावर पट्ट्याचं गुपित उलगडू लागलं. ढग सूर्यावरून गेला की पट्टा फिका व्हायचा, ऊन परत आलं की गडद. मळभ असलेल्या सकाळी तो एकदम न येता दोनचार वेळा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा.

डी थर जमिनीपासून साधारण ७० किलोमीटर उंचीवर असतो. ढग त्याच्या कितीतरी खाली. वळवाने सगळं पुणं काळोखं केलं तरी डी थराला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणजे पट्टा सूर्याच्या वेळापत्रकाने चालत होता हे खरं, पण तो आयनांबरातल्या सूर्याच्या नव्हे, गच्चीवर पडणाऱ्या उन्हाच्या हिशेबाने. दोघांचं घड्याळ एकच असल्यामुळे महिनाभर सगळ्यांची दिशाभूल झाली होती.

याच सुमारास ग्रुपमधल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने कच्चं रेकॉर्डिंग मागून घेतलं. काका पाहत होते तो स्पेक्ट्रम जाडाभरडा होता, एकेक चौकट सुमारे ४७ हर्ट्झची. तिने तो एक हर्ट्झपर्यंत बारीक केला. जाड पट्टा फुटून सुट्या रेघा निघाल्या, कंगव्यासारख्या, दर १०० हर्ट्झला एक. एमएसके सिग्नल कितीही बारीक केला तरी असा कंगवा होत नाही. १०० हर्ट्झ म्हणजे ५०ची दुप्पट. वीजपुरवठ्याशी बांधलेलं काहीतरी. मधली मुख्य रेघ १७.०००वर नव्हती आणि दुपारच्या तापात काही हर्ट्झ सरकतही होती. नौदलाचं केंद्र उन्हाने तापून सरकत नसतं.

“काका, हे नेव्हीचं नाहीये,” तिने लिहिलं. “कुणाच्या तरी गच्चीवरचं आहे.”

गुरुवार

पुण्यात गुरुवार हा वीज-पाण्याच्या देखभालीचा वार. पावसाळ्याआधीच्या कामांसाठी त्या भागात काही तास वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आला, तेव्हा बाकीचे लोक टाक्या भरायच्या मागे लागले आणि काकांनी बॅटऱ्या चार्ज केल्या.

वीज गेली त्या सेकंदाला पट्टा गेला. व्हीटीएक्स जागेवर. सोसायटीचा जनरेटर सुरू झाला, लिफ्ट चालू लागली, पट्टा नाही. त्यामुळे लिफ्टच्या ड्राइव्हवरचा संशयही संपला. त्याच्यावर बऱ्याच जणांचा डोळा होता.

खरी गंमत वीज परत आल्यावर झाली. दिवे लागले, पंप धडधडले, पडद्यावर इतर बारीकसारीक क्यूआरएम (आसपासच्या यंत्रांचा गोंगाट) लगेच परतलं. १७ मात्र रिकामं. सुमारे पाच मिनिटांनी पट्टा अचानक उमटला. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःला तोडून घेतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. पुरवठा परत आल्यावरही व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्थिर आहेत याची खात्री होईपर्यंत तो थांबतो. पंपाला, दिव्याला, चार्जरला असं थांबायचं कारण नसतं. पट्टा कुठल्या जातीच्या यंत्राचा आहे हे त्या पाच मिनिटांनी सांगितलं.

शेजारच्या गच्चीवर

आता काकांनी लूप उचलून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेली. व्हीटीएक्सचं शून्य तसूभर हललं नाही. पट्ट्याचं शून्य पार फिरलं, आणि दोन रेषा शेजारच्या सोसायटीच्या दिशेला छेदल्या. तिथे मार्चअखेर सोलर बसलं होतं. फेब्रुवारीत केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना जाहीर झाल्यापासून आसपास सगळीकडेच चौकशा आणि कामं वाढली होती.

इथे तीन मार्ग होते. सरकारी तक्रार, शेजाऱ्यांशी बोलणं, किंवा काही न बोलता आपलीच अँटेना सांभाळून घेणं.

तक्रारीचा आग्रह धरणारे होते. पण तिला पाय नव्हते. अशा इन्व्हर्टरना लागू होणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकांत वायरींवरून बाहेर पडणाऱ्या गोंगाटाची मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून वर सुरू होते. दिव्यांसाठीच्या मानकात ती ९ किलोहर्ट्झपासून आहे, इन्व्हर्टरसाठी नाही. यंत्र नियमात होतं. शिवाय छंद म्हणून केलेल्या नोंदींना कायद्याचं संरक्षण कुठलं? नारायणगावजवळच्या जीएमआरटीसारख्या वेधशाळेला आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाविरुद्ध काही बोलता येतं. गच्चीवरच्या काकांना नाही.

काकांनी बोलायचं ठरवलं. चेअरमन त्यांच्या सकाळच्या फिरण्यातले होते. तरी पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच आली : “तुमच्या अँटेनाने आमच्या सोलरला काही होत नाही ना?” ही अँटेना फक्त ऐकते, काही सोडत नाही, हे दोनदा सांगावं लागलं. मग काकांनी एकच मागणी केली : भर दुपारी दोन वेळा, थोडा वेळ इन्व्हर्टर बंद करून चालू करायचा. कधी, ते चेअरमननी ठरवायचं आणि आधी कोणाला सांगायचं नाही. इकडे विद्यार्थिनी पडद्यासमोर बसून पट्टा गेला-आल्याच्या वेळा लिहीत होती. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले. वेळा जुळल्या. ज्याला सिद्ध करायचं आहे त्यालाच स्विच कधी पडणार हे माहीत असेल, तर तो पट्टा हवा तेव्हा फिका पाहतो. म्हणून ही लपवाछपवी गरजेची होती. चेअरमननाही ती आवडली. त्यानंतर त्यांचा सूर बदलला.

मग इन्व्हर्टर तंत्रज्ञाबरोबर गच्चीवर जाता आलं. जुन्या ट्रान्झिस्टरमधल्या फेराइट कांडीवर भरपूर वेढे देऊन ते कॉइल मोबाइलच्या माइकच्या जागी जोडलं होतं आणि फोनवर स्पेक्ट्रमचं अॅप. इन्व्हर्टरच्या पेटीजवळ सिग्नल होता, पण त्याहून मोठा होता पॅनेलकडून येणाऱ्या डीसी केबलींजवळ. अधिक आणि उणे केबली गच्चीच्या दोन वेगळ्या बाजूंनी आणल्या होत्या. अख्ख्या गच्चीएवढी एक लूप अँटेना नकळत उभी राहिली होती.

उपाय

ग्रुपमधून पहिला सल्ला आला तो केबलीवर चिमटायच्या क्लिप-ऑन फेराइट मण्याचा. एचएफवर तो चालतो. १७ किलोहर्ट्झला अशा एका मण्याचा अडथळा इतका नगण्य असतो की पैसे वाया. मोठ्या गाभ्यावर अनेक वेढ्यांचा चोक (गोंगाट अडवणारं कॉइल) बसवता आला असता, पण दुसऱ्यांच्या, वॉरंटीतल्या यंत्रणेत उपरा भाग घालायला काका तयार नव्हते, आणि ते योग्यच होतं.

केबलींचा मार्ग बदलणं हे इन्व्हर्टर बसवणाऱ्या कंपनीच्याच हातचं काम होतं. अधिक आणि उणे केबली एकत्र बांधून एकाच बाजूने न्याव्यात आणि अर्थिंगची तार त्यांच्याच सोबत असावी, एवढीच विनंती. आकाशातल्या विजेपासून संरक्षणाच्या दृष्टीनेही केबलींचा घेर लहान असणं चांगलं, कारण जवळ वीज पडली तर मोठ्या घेरात मोठं व्होल्टेज उपजतं. हे कारण कंपनीच्या माणसाला रेडिओपेक्षा लवकर पटलं. पाऊस लागायच्या आत काम झालं.

काकांनी आपल्या बाजूने लूप कायमची गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवली. तिथून इन्व्हर्टर नैर्ऋत्येला पडतो, तर व्हीटीएक्स दक्षिण-आग्नेयेला आणि एनडब्ल्यूसी आग्नेयेला. शून्य इन्व्हर्टरवर रोखलं तरी दोन्ही केंद्रं मिळत राहतात. जुन्या कोपऱ्यातून हे शक्यच नव्हतं. तिथे इन्व्हर्टर बुडवला की व्हीटीएक्सही बुडायचं.

निकाल

केबली बदलल्यावर पट्टा स्पष्ट उतरला, लूप हलवल्यावर आणखी. पूर्ण गेला नाही. कडक उन्हात १७ वर तो अजून दिसतो, पण १८.२च्या नोंदीला धक्का लावत नाही. ‘अज्ञात १७’ची नोंद काकांनी मुद्दाम चालू ठेवली आहे, ज्वालेसारखा काही उठाव दिसला तर तो १८.२ आणि १७ या दोन्ही रेषांवर एकदम आहे का, हे पाहायला ती उपयोगी पडते.

वेगळं काय करता आलं असतं

बारीक स्पेक्ट्रम पहिल्या दिवशी पाहता आला असता. तो फुकट होता आणि रेकॉर्डिंगही हाताशी होतं. कंगवा तेव्हाच दिसला असता आणि नौदल, तिरुनेलवेली, वाईचे डोंगर हे सगळं रामायण टळलं असतं. लूप जागेवरून उचलून दुसरीकडे नेण्याचंही तसंच. या दोन गोष्टींना मिळून एक दुपार पुरली असती.

वाईची नोंद ही माझ्या मते सर्वांत मोठी हुकलेली संधी. दुसऱ्या गावातला रिसीव्हर हा अशा शोधातला सर्वांत निःपक्षपाती साक्षीदार, आणि त्याची साक्ष गैरसोयीची म्हणून बाजूला ठेवली गेली. आता ग्रुपने ठरवलं आहे की अनोळखी सिग्नलला कोणीही नाव द्यायच्या आधी किमान एका दुसऱ्या गावातून त्याची हो किंवा नाही नोंद यायला हवी. शिक्षकमहाशय त्यावर अजून टोमणे मारतात, आणि त्यांना तो हक्क आहे.

एका मुद्द्यावर मात्र ग्रुपचं एकमत नाही. काहींचं म्हणणं, १० मेची नोंद एकटीच पुरेशी होती, ढगांची आणि गुरुवारची वाट पाहायला नको होती. मला तसं वाटत नाही. ज्वालेच्या नोंदीने पट्टा कुठला नाही एवढंच सांगितलं. शेजाऱ्यांच्या दारात जायला, तो कुठला आहे हे हातात असावं लागतं.

डिसेंबरात काकांच्या स्वतःच्या सोसायटीनेही सोलर बसवायचं ठरवलं. निविदेच्या अटींत काकांनी दोन ओळी घालून घेतल्या : डीसी केबली जोडीने आणि एकाच मार्गाने न्यायच्या, आणि काम संपल्यावर इन्व्हर्टर बंद-चालू करून दाखवायचा. सेक्रेटरींनी दुसऱ्या अटीचं कारण विचारलं. काका त्यांना लॅपटॉप दाखवायला गच्चीवर घेऊन गेले.